पुण्यातील सर्वांत जुन्या अनाथाश्रमाची मूळ वास्तू कोणती मानावी?

मुठाकाठ
आमच्या भागातील निवृत्त मंडळींचा एक गट अधूनमधून पुण्यात वारसा फेरी काढतो. वाडे, हौद आणि छापखाने हे विषय होऊन गेले असून पुढची फेरी शहरातील जुन्या अनाथाश्रमांच्या वास्तूंवर काढावी असे ठरले आहे. माहिती गोळा करायला बसलो तेव्हा असे लक्षात आले की संस्थांविषयी भरपूर लिहिलेले सापडते. मात्र ती मुले, त्या बायका नेमक्या कोणत्या छपराखाली राहिल्या, याविषयी फारच थोडे सापडते.

माझे स्वतःचे मत असे आहे की पहिला मान नव्या पेठेतील डेव्हिड ससून अनाथ पंगु गृहाला, म्हणजे आज आपण ज्याला ‘निवारा’ म्हणतो त्या जागेला द्यावा. संस्था १८६३ सालची आहे, ती आजही निराधारांसाठीच चालते आणि एस. एम. जोशी सभागृहाकडे जाणाऱ्या कोणालाही ती दाखवता येते. आपल्याला काय वाटते? फेरीची सुरुवात कोठून करावी आणि तेथे उभे राहून काय सांगावे?

चौकटराजा
सुरुवात निवाऱ्यापासूनच करावी. दाखवायला वास्तू हवी, नुसती आख्यायिका नको.

दप्तरी
मुठाकाठ, विषय उत्तम आहे, परंतु आपण मानाचा पहिला गणपती ठरवायला निघाल्यासारखा प्रश्न मांडला आहे. त्याआधी ‘कोणासाठी’ हा प्रश्न सोडवावा लागेल. निवारा हे प्रामुख्याने वृद्ध, अपंग आणि ज्यांना कोणी नाही अशा माणसांचे घर होते व आहे. आईबापांविना राहिलेल्या मुलांचा आश्रम, विधवांचा आश्रम, नकोशा अर्भकांसाठीचे गृह, दुष्काळात तात्पुरते उभारलेले अन्नछत्र आणि गरीब विद्यार्थ्यांचे वसतिगृह या पाचही गोष्टी पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी ‘अनाथ’ याच नावाखाली मोडत होत्या. त्यांच्या इमारतींच्या गरजा निराळ्या होत्या, म्हणून त्यांच्या वास्तूही निराळ्या आहेत आणि त्यांचे नशीबही निराळे.

१८६३ हेच साल घ्यायचे तर त्याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी गंज पेठेत बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी येथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल न्यावे किंवा येथेच ठेवावे, अशी ती सोय होती. फुल्यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा तेथेच आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा. दत्तकविधान १८७४ सालचे. आता चौकटराजांना ही आख्यायिका वाटत असेल तर गोष्ट वेगळी.

चौकटराजा
आख्यायिका म्हणालो ते गृहाला उद्देशून नव्हे. माझा मुद्दा इतकाच की गंज पेठेत आज जे आहे ते फुले दांपत्याचे स्मारक आहे. ‘ही प्रसूतीची खोली’ असे बोट दाखवून सांगता येईल असे तेथे काय आहे? वारसा फेरीतल्या माणसाला भिंत लागते.

दप्तरी
बोट दाखवता येऊ नये हाच त्या व्यवस्थेचा हेतू होता. जिथे येणाऱ्या बाईचे नावसुद्धा बाहेर फुटू द्यायचे नाही, तिथे दर्शनी कमान आणि संगमरवरी पाटी कोण लावील? असे काम राहत्या घरातच होऊ शकत होते. पुण्यातील अनाथांसाठीचे सर्वांत धाडसी काम ज्या ठिकाणी झाले तिथे स्वतंत्र इमारतच नव्हती, हे तेथे उभे राहून सांगता आले तर मला वाटते फेरीचे सार्थक होईल.

हिंगणेकरीण
हा धागा पाहून राहवले नाही. माझी आजी हिंगण्याच्या आश्रमात शिकली. सासरच्या मंडळींना मात्र आयुष्यभर ‘ती बोर्डिंगात होती’ एवढेच सांगितले गेले, आणि तिनेही ते कधी खोडून काढले नाही. म्हणून अनाथ बालिकाश्रमाविषयी थोडे सविस्तर लिहिते.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. त्याआधी १८९३ मध्ये त्यांनी स्वतः गोदूबाई या विधवेशी विवाह केला होता आणि त्यापायी मुरुडात त्यांच्यावर बहिष्कार पडला होता. आश्रम काही काळ पुणे शहरातच भाड्याच्या जागेत चालला. परंतु ते प्लेगचे दिवस होते. शहरात दाटीवाटीने मुली ठेवणे धोक्याचे, आणि विधवांना शिकवणाऱ्या माणसाला शेजार मिळणे त्याहून कठीण. अशा वेळी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे बुद्रुक येथील सहा एकर जमीन आणि बांधकामासाठी ७५० रुपये दिले. १९०० साली आश्रम तेथे गेला आणि आरंभी होती ती एक झोपडी. ती झोपडी महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात आजही जपलेली आहे.

आज कर्वेनगर म्हटले की आपल्याला रिक्षांची गर्दी आणि मुलींची वसतिगृहे आठवतात. त्या काळी तो शेतातून जाणारा रस्ता होता आणि पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे नुसता चिखल. अण्णा, म्हणजे कर्वे, दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामान बरोबर घेऊन हिंगण्याला चालत जात आणि सकाळी पुन्हा कॉलेजात हजर होत. आजी सांगत असे की आश्रमातल्या मोठ्या बायकांना अण्णांच्या विद्वत्तेपेक्षा त्यांच्या या चालण्याचा अधिक धाक वाटे, कारण एवढे अंतर तुडवून आलेल्या माणसासमोर ‘आज अभ्यास झाला नाही’ असे म्हणायला जीभ रेटत नसे.

आता दप्तरींनी सुचवलेला भेद लावला तर हा अनाथाश्रम की विधवाश्रम, असा वाद घालता येईल. त्या वादात मला रस नाही. बारा-तेरा वर्षांची विधवा मुलगी, जिचे माहेर तिला ठेवून घ्यायला तयार नाही आणि सासर केवळ राबवून घ्यायला तयार आहे, तिला दुसरे काय म्हणणार?

विटकर
हिंगणेकरीण ताई, सुरेख लिहिले आहे. पार्वतीबाई आठवले यांचाही उल्लेख व्हायला हवा. त्या गोदूबाईंच्या भगिनी. स्वतः विधवा असून आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत हिंडल्या. केशवपनाची रूढी त्यांनी १९१२ मध्ये मोडली आणि १९१८ साली इंग्रजी शिकण्यासाठी आणि निधीसाठी थेट अमेरिकेला गेल्या. हिंगण्याची झोपडी हे सुरुवातीचे टोक झाले. त्यापुढच्या पक्क्या इमारती कोणाच्या पायपिटीतून उभ्या राहिल्या, हे सांगितले नाही तर झोपडी ते विद्यापीठ असा चमत्कार घडल्यासारखे वाटते.

माझा व्यवसाय जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचा आहे, त्यामुळे एक निरीक्षण नोंदवतो. मोठ्या दात्याने एकरकमी दिलेल्या पैशातून उभी राहिलेली इमारत आणि वर्गणीतून खोली-खोलीने वाढत गेलेली इमारत या पाहताक्षणी वेगळ्या ओळखू येतात. पहिलीत एकच आराखडा, एकसारख्या कमानी आणि जाडजूड जोते असते. दुसरीत एका भिंतीच्या दगडांमधील सांधे चुन्याने भरलेले असतात, तर शेजारच्या भिंतीचे सिमेंटने. जोत्याची उंची मध्येच एका पायरीने बदलते आणि ओवरी बंद करून केलेली खोली तर जवळजवळ प्रत्येक जुन्या वसतिगृहात सापडते. ती ओवरी बंद झाली म्हणजे त्या वर्षी मुलांची संख्या वाढली, असे खुशाल समजावे. दुर्दैवाने वारसा यादीत श्रेणी देताना पहिल्या प्रकाराला झुकते माप मिळते, कारण तो डोळ्यांना भावतो.

नाना पेठकर
एकरकमी दात्यांचा विषय निघालाच आहे तर एक अप्रिय गोष्ट लिहितो. ससून घराण्याची संपत्ती कापसाबरोबरच अफूच्या चीनमधील व्यापारातून आली. आपण निवाऱ्यासमोर उभे राहून दानशूरपणाचे गोडवे गाणार आणि हे सांगणार नाही, असे होऊ नये.

मुठाकाठ
नाना, हे सांगायला माझी हरकत नाही. परंतु सांगायचे तर पूर्ण सांगावे लागेल. डेव्हिड ससून १७९२ साली बगदादमध्ये जन्मले, तेथून परागंदा होऊन मुंबईत आले, १८६४ मध्ये पुण्यातच वारले आणि त्यांची समाधी कॅम्पातील लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगच्या, आवारात आहे. ससून रुग्णालय आणि लाल देऊळ ही दोन्ही कामे १८६७ साली पुरी झाली, म्हणजे ती पाहायला ते हयात नव्हते. पैसा अफूचा होता आणि त्यातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाच्या खाटांवर गेली दीडशेहून अधिक वर्षे गरीब पुणेकर बरे होत आले आहेत. ही दोन वाक्ये लागोपाठ उच्चारावीत, निवाडा ऐकणाऱ्यांवर सोडावा.

नाना पेठकर
मान्य. फक्त दुसरे वाक्य मोठ्याने आणि पहिले खोकल्यात, असे करू नका.

अभ्यागत
दोन ठिकाणांचा उल्लेख अजून कोणी केला नाही. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू झाले आणि १८९० मध्ये पुण्यात आले. कर्व्यांच्या पत्नी गोदूबाई याच शारदा सदनाच्या विद्यार्थिनी. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पुण्यात मोठे वादळ उठले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराश्रित मुली आणल्या, तेव्हा प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे शक्य झाले नाही आणि केडगावच्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले.

दुसरे ठिकाण धनकवडी. १८७६-७८ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने तेथे १८७७ साली व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. तो दुष्काळापुरता होता आणि दुष्काळाबरोबर संपला. आज धनकवडीत त्याची खूण म्हणून काही दाखवता येईल असे मला वाटत नाही.

दप्तरी
अभ्यागत यांनी फार महत्त्वाची जोडणी करून दिली. धनकवडी, केडगाव आणि हिंगणे ही तिन्ही ठिकाणे त्या काळच्या शहराबाहेरची आहेत. रमाबाई आणि कर्वे यांचा मार्ग अगदी भिन्न, तरीही अवघ्या तीन-चार वर्षांच्या अंतराने दोघांनाही पुण्याबाहेर पडावे लागले. कारणांत प्लेग होता, दुष्काळ होता आणि शहराची नापसंतीही होती. १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा, घरांच्या झडत्या, विलगीकरणाच्या छावण्या आणि २२ जूनला गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर झालेला प्राणघातक हल्ला हा इतिहास आपण राजकीय अंगाने पुष्कळदा वाचतो. अनाथाश्रमांचे पत्ते कसे बदलले या अंगानेही तो वाचण्याजोगा आहे. सावित्रीबाईंचे निधनही त्याच साथीत, प्लेगग्रस्त मुलाची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन, १० मार्च १८९७ रोजी झाले.

म्हणूनच सर्वांत जुनी वास्तू शोधण्याच्या नादात आपण शहरात टिकून राहिलेल्या भक्कम इमारतींनाच इतिहास समजू लागतो. ज्यांना शहराने ठेवून घेतले त्यांच्या इमारती शहरात आहेत. बाकीचे बाहेर गेले.

चौकटराजा
दप्तरी, आपले म्हणणे ऐकायला भारदस्त आहे, पण सगळे काही बाहेर गेले असे नाही. अनाथ विद्यार्थी गृह १९०९ साली दादासाहेब केतकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केले आणि ते भर सदाशिव पेठेत वाढले. आजचे पुणे विद्यार्थी गृह ते हेच. माधुकरी मागून आणि वार लावून जेवणाऱ्या मुलांचे पुणे ते. त्यांना पेठेने ठेवून घेतलेच ना?

दप्तरी
मुलग्यांना ठेवून घेतले. माझा मुद्दा आपणच पुरा केलात.

विटकर
चौकटराजा, ही चेंडूफळी आपण हरलात.

एक भर घालतो. पुणे विद्यार्थी गृहाने मुलांना नुसते जेवण आणि छप्पर न देता हाताला काम दिले, त्यातून छपाईचे शिक्षण उभे राहिले आणि त्यांची मुद्रणशाळा महाराष्ट्रभर नावारूपाला आली. अशा वास्तूत मुलांच्या झोपायच्या खोल्यांइतकीच यंत्रांची खोली महत्त्वाची असते. मुठाकाठ, आपली छापखान्यांची फेरी झालेली असेल तर हा धागा तिथूनही जोडता येईल.

सावली
मी अशाच एका संस्थेतून दत्तक गेलेली मुलगी आहे. संस्थेचे नाव लिहीत नाही. आपण सर्वजण इमारतींविषयी पोटतिडकीने लिहीत आहात, म्हणून एक वेगळी बाजू मांडते.

मोठी झाल्यावर मी त्या संस्थेत गेले तेव्हा मूळ इमारत पाडून नवी झालेली होती, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे काहीच वाटले नाही. मला पाहायची होती ती नोंदवही. कार्यालयातील बाईंनी कपाटातून काढली. लाल कापडी पुठ्ठा, शिवण उसवलेली आणि पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. नियमाप्रमाणे त्यांनी दुसऱ्या मुलांच्या ओळींवर कोरा कागद धरला आणि मला माझी तेवढी ओळ वाचू दिली. दाखल तारीख, अंदाजे वय, वजन, अंगावरचे कपडे आणि ‘कोणी आणले’ या रकान्यात पोलीस चौकीचे नाव. माझ्याबद्दल मी जन्मायच्या आसपासचे एवढेच काय ते लिहिलेले जगात आहे.

आपल्या फेरीत कोणी संस्थाचालक भेटले तर छपराच्या गळतीबरोबर नोंदवह्यांचीही चौकशी करावी, ही विनंती. आणि जिथे आजही मुले राहतात तिथे गटाने आत जाऊ नये. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड होईल असे छायाचित्र किंवा माहिती प्रसिद्ध करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, रविवारी सकाळी अनोळखी माणसे येऊन आपल्या घराचा इतिहास एकमेकांना समजावून सांगत आहेत, हे कोणाला आवडेल?

हिंगणेकरीण
सावली, तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. वाढदिवसाचा केक घेऊन आश्रमात जाणाऱ्या मंडळींविषयीही कोणीतरी लिहायला हवे. मी एका ठिकाणी शिकवायला जात असे तेव्हा एकाच दुपारी दोन कुटुंबे केक घेऊन आली. मुलांनी दोन्ही वेळा तितक्याच उत्साहाने टाळ्या वाजवल्या, आणि नंतर एका मुलाने मला अगदी गंभीरपणे विचारले की उद्या कोणी वरण-भात घेऊन येणार आहे का.

दप्तरी
सावली यांचा मुद्दा केवळ भावनेचा नाही, तो व्यवहाराचाही आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. त्यासाठी लागणारे अनाथ प्रमाणपत्र महिला व बालविकास विभाग देतो आणि संस्थेत वाढलेल्या मुलासाठी त्या प्रमाणपत्राचा पाया शेवटी संस्थेत दाखल झाल्याची नोंद हाच असतो. जिथे वही गेली तिथे मुलाचा पुरावाच गेला. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांमधून किती दप्तरे वाहून गेली, हे या गावाला निराळे सांगायला नको.

इमारतींपुरते बोलायचे तर मुठाकाठ यांनी तीन ठिकाणे धुंडाळावीत. पहिले नगर भूमापन कार्यालय. मिळकत पत्रिकेवर क्षेत्र, धारक आणि फेरफार यांच्या नोंदी असतात. संस्थेचे नाव कोणत्या वर्षी लागले आणि त्याआधी जागा कोणाची होती हे तेथे कळते. दुसरे धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या स्थावर मालमत्तेची यादी तेथे असते, आणि अशी मालमत्ता विकायची झाल्यास कलम ३६ प्रमाणे आयुक्तांची परवानगी लागते, त्यामुळे पाडून बांधलेल्या वास्तूंचाही माग लागतो. तिसरे, १८८५ साली निघालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर, त्यातही शहराच्या वर्णनाचा भाग. अर्ज करताना भूमापन क्रमांक अवश्य लिहावा. ‘नव्या पेठेतील जुनी इमारत’ असे लिहिलेला अर्ज आपल्याबरोबरच परत येईल.

नाना पेठकर
अर्ज परत आला तर नशीब म्हणायचे. माझा एक अजून आतच आहे.

मुठाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. इतके वाचल्यावर फेरीचा क्रम असा ठरवत आहे: आरंभ गंज पेठेत फुले स्मारकापाशी, तेथून सदाशिव पेठेत पुणे विद्यार्थी गृह, मग नव्या पेठेत निवारा, आणि शेवटी बसने कर्वेनगर. कर्वे रस्त्याने जाताना सेंट क्रिस्पिन्स होम लागते, ते बसमधूनच दाखवावे. धनकवडी आणि केडगाव यांच्याविषयी बसमध्ये सांगता येईल. जिथे मुले राहतात तिथे आत जाणार नाही आणि छायाचित्रे घेणार नाही. निवाऱ्यात वृद्ध मंडळी राहतात, त्यामुळे तेथेही आधी लेखी परवानगी घेऊ.

कोणीतरी फर्ग्युसनपासून हिंगण्यापर्यंत अण्णांच्या वाटेने चालत जाण्याची सूचना व्यक्तिशः पाठवली आहे. आमच्या गटाचे सरासरी वय पाहता ती सूचना गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर विचारात घेतली जाईल.

विटकर
हिंगण्याला पोहोचलात की झोपडीपाशी गर्दी करण्याआधी आवारातील जुन्या इमारतींभोवती एक चक्कर मारून जोत्यांच्या उंचीकडे पाहा. मी आलो तर दाखवीन.

हिंगणेकरीण
मी नक्की येईन. आजीच्या वेळचे एक गटाचे छायाचित्र घरात आहे, त्यात मागे एक ओवरी दिसते. विटकर, ती बंद झाली आहे का हे तुम्हीच ओळखून सांगा.

चौकटराजा
मी अजूनही निवाऱ्यापासून सुरुवात करावी याच मताचा आहे, त्यामुळे आपण सर्व गंज पेठेतून निघा, मी नव्या पेठेत वाट पाहत उभा राहीन. भिंत असल्यामुळे सावलीही मिळेल.